बाळाची वाट पाहताना : आधीची तयारी आणि उपचारांचे धोके



लग्नाला दोन वर्षे झाली की आपल्याकडे विचारणा सुरू होते. आधी घरची माणसे विचारतात, मग शेजारी, मग लग्नकार्यात भेटलेले दूरचे नातेवाईक. हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, म्हणून जोडपी गप्प बसतात आणि एकटी पडतात. मग जो जे सांगेल ते करू लागतात. कोणी पुजाऱ्याकडे नेतो, कोणी वैदूचे औषध आणून देतो, कोणी नागपूरच्या दवाखान्याचा पत्ता देतो. तेंदूपत्त्याचे पैसे, धानाचे पैसे, कधी दागिने, कधी शेताचा तुकडाही त्यात जातो. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बाईचा जीवही कधी कधी पणाला लागतो.

म्हणून या पाठात आपण हा विषय मोकळेपणाने समजून घेऊ. मूल न होण्याची कारणे कोणती, गर्भधारणेपूर्वी कोणती तयारी करावी, उपचारांत कोणते धोके आहेत आणि ख्रिस्तसभा याविषयी काय शिकवते, हे पाहू. हा पाठ डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. मात्र डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारावे, एवढे यातून कळावे अशी आमची इच्छा आहे.

१. दोष कोणाचा?

पतिपत्नीचा नियमित सहवास असूनही बारा महिने गर्भ राहिला नाही, तर तपासणी करावी. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच जावे. पाळी फार अनियमित असेल किंवा पूर्वी क्षयरोग वा पोटाचे ऑपरेशन झाले असेल, तर त्याहूनही लवकर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अहवालानुसार जगात सुमारे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. म्हणजे ही काही क्वचित घडणारी किंवा शरमेची गोष्ट नाही.

आपल्याकडे मात्र बोट लगेच सुनेकडे दाखवले जाते. प्रत्यक्षात अशा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असते, कधी फक्त त्याच्याकडे तर कधी दोघांकडे. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी, बिनदुखणी आणि कमी खर्चाची आहे. बाईच्या तपासण्या त्यामानाने महाग आणि त्रासाच्या असतात. तरीही कित्येक घरांत बाईच्या सगळ्या तपासण्या होऊन जातात आणि नवरा एकदाही दवाखान्याची पायरी चढलेला नसतो. आमचे सांगणे एवढेच की पहिल्या भेटीला दोघांनी मिळून जावे.

२. गडचिरोलीतून मिळालेला धडा

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची चर्चा झाली. या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. सरासरी काढली तर प्रत्येकीला तीनपेक्षा जास्त. त्यांतील निम्म्याच्या आसपास आजार जंतुसंसर्गाचे होते. आणि पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बाया शंभरात आठसुद्धा नव्हत्या. बाकीच्या मुकाट्याने सहन करत होत्या.

आपल्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. अंगावर काढलेला संसर्ग गर्भाशयातून गर्भनलिकांपर्यंत पोचतो. नलिका आतून चिकटतात, बंद होतात. मग गर्भ राहत नाही, किंवा नलिकेतच राहतो आणि जिवावर बेततो. गर्भाशयाचा व नलिकांचा क्षयरोगही हेच करतो. भारतात नलिका बंद होण्याचे ते एक मोठे कारण आहे, आणि त्यात खोकला असेलच असे नाही.

म्हणून दुर्गंधी येणारे किंवा खाज सुटणारे पांढरे जाणे, ओटीपोटात सतत दुखणे, लघवीला जळजळ ही लक्षणे अंगावर काढू नयेत. संसर्ग असेल तर औषध नवराबायको दोघांनी घ्यावे लागते. एकट्या बायकोने घेतले तर तो पुन्हा होतो. मात्र प्रत्येक पांढरे जाणे म्हणजे रोग नव्हे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत स्वच्छ, बुळबुळीत स्राव होतो, ते निरोगीपणाचे लक्षण आहे. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

३. सिकलसेल : आधी रक्त तपासा

चंद्रपूर आणि गडचिरोलीत सिकलसेल हा घराघरांतला आजार आहे, आदिवासींत आहे आणि इतर समाजांतही आहे. ज्याच्यात एक जनुक आहे तो वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो, म्हणून त्याला स्वतःला ते ठाऊकही नसते. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, बाळ वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. 'पहिले मूल आजारी झाले, आता दुसरे चांगले होईल' हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच राहते.

पहिली चाचणी बोटाच्या रक्तावर होते आणि त्यात दोष आढळला तर पुढची चाचणी करून वाहक की रुग्ण हे नक्की केले जाते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासी भागांत ही तपासणी केली जाते. आमची आग्रहाची विनंती आहे की विवाहाची बोलणी करतानाच दोन्ही बाजूंनी ही तपासणी करावी. लग्न झाले असेल तर गर्भधारणेपूर्वी करावी.

पत्नी स्वतः सिकलसेलची रुग्ण असेल तर गर्भारपणात तिला आणि बाळाला जास्त जपावे लागते. बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हावे. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी चालू असेल, मग ती पत्नीला असो वा पतीला, तर मूल हवे असल्याचे डॉक्टरांना काही महिने आधी सांगावे. ती केव्हा थांबवायची हे तेच ठरवतील. स्वतःच्या मनाने बंद करू नये. आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते. मूल होण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनांनीही तो धोका वाढतो. म्हणून वंध्यत्वाच्या डॉक्टरांना सिकलसेलविषयी पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

४. तीन महिने आधीची तयारी

शेत नांगरल्याशिवाय कोणी पेरणी करत नाही. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून तयारी निदान तीन महिने आधी सुरू करावी, आणि ती दोघांनीही.

फॉलिक अ‍ॅसिड : बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू यांची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते. तोपर्यंत बऱ्याच बायांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून ही गोळी निदान एक महिना आधीपासून घ्यायची असते, रोज ४०० मायक्रोग्रॅम. पूर्वी मज्जारज्जूचा दोष असलेले बाळ झाले असेल, किंवा सिकलसेल, मधुमेह वा फिट्सचा आजार असेल, तर मोठा डोस लागू शकतो. तो डॉक्टर सांगतील.

रक्त : हिमोग्लोबिन तपासावे. गरोदर नसलेल्या बाईचे ते १२ च्या वर हवे. सोबत रक्तगट, साखर, थायरॉइड, रक्तदाब, गुप्तरोग, एचआयव्ही आणि काविळीच्या 'बी' विषाणूची तपासणी करावी. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये.

व्यसन : खर्रा, नस, गुडाखू, विडी. तंबाखू कोणत्याही रूपात घेतली तरी ती शुक्राणू कमकुवत करते, बाईचीही प्रजननक्षमता घटवते आणि पोटातल्या बाळाचे वजन कमी करते. गर्भारपणात दारूचे सुरक्षित असे प्रमाण नाही, मोहाची असो की दुकानातली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. कायदा असो वा नसो, बाळ हवे असलेल्या घरात ही बंदी दोघांनी स्वतःच घालून घ्यावी.

उष्णता आणि विष : शुक्राणूंना उष्णता सोसत नाही. भट्टीजवळ काम करणाऱ्या, दिवसभर तापलेल्या केबिनमध्ये वाहन चालवणाऱ्या भावांनी हे ध्यानात ठेवावे. शेतात कीटकनाशक फवारताना तोंड-नाक झाकावे, हातमोजे घालावेत आणि घरी आल्यावर लगेच अंघोळ करावी.

मलेरिया : गर्भारपणातला मलेरिया आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरतो. मच्छरदाणी वापरावी. दिवस गेल्याची थोडी जरी शंका असेल तरी तापाची गोळी घेण्यापूर्वी आशाताईला किंवा डॉक्टरांना तसे सांगावे, कारण मलेरियाच्या सर्वच गोळ्या गर्भारपणात चालत नाहीत.

चालू औषधे : फिट्स, रक्तदाब, मधुमेह किंवा मानसिक आजाराची औषधे डॉक्टरांना दाखवावीत. काही बदलावी लागतात. तीसुद्धा स्वतःहून बंद करू नयेत.

५. शरीराची खूण ओळखा

स्त्रीबीज महिन्यातून एकदा, पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी बाहेर पडते. गर्भधारणा होऊ शकेल असे दिवस सहाच असतात, स्त्रीबीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा स्राव दिसू लागला की ते दिवस आले असे समजावे. त्या काळात एक दिवसाआड सहवास ठेवावा. रोजगारासाठी नवरा महिनोन् महिने बाहेर राहत असेल तर मूल न होण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते. अशा जोडप्याला इंजेक्शनांची नव्हे, एकत्र राहण्याची गरज आहे. या खुणांची माहिती आपल्या विवाहपूर्व मार्गदर्शनात नैसर्गिक कुटुंबनियोजनासाठी दिली जाते. मूल हवे असेल तेव्हाही तीच माहिती उपयोगी पडते.

६. उपचार आणि त्यांचे धोके

वंध्यत्वाच्या उपचारांनी पुष्कळ घरांत बाळे आली आहेत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 'टेस्ट ट्यूब' पद्धतीचे बाळ जन्मले, तेव्हापासून ही शाखा आपल्या राज्यात वाढत गेली. पण उपचार म्हटला की धोका आलाच. तो आधी ठाऊक असावा.

गोळ्या : स्त्रीबीज तयार होण्यासाठी पहिल्यांदा साध्या गोळ्या देतात. त्यांनी जुळे होण्याची शक्यता वाढते. क्लोमिफिन या गोळीने ती शंभरात सात-आठपर्यंत जाते. डोळ्यांपुढे अंधुक किंवा चमकते दिसू लागले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे. औषधाच्या दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने या गोळ्या घेत राहणे धोक्याचे आहे.

इंजेक्शने : यांनी एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे वाढतात. काही बायांत अंडाशय प्रमाणाबाहेर सुजतात. रक्तवाहिन्यांतले पाणी पोटात आणि छातीत झिरपते. रक्त घट्ट होते, गुठळ्या होऊ शकतात, मूत्रपिंडावर ताण येतो. सौम्य प्रकार बऱ्याच जणींना होतो आणि आपोआप बरा होतो. तीव्र प्रकार शंभरात एखाद-दोघींनाच होतो, पण तो जीव घेऊ शकतो. तरुण, सडपातळ आणि अंडाशयात अनेक गाठी असलेल्या, म्हणजे पीसीओएस असलेल्या बायांना हा धोका अधिक.

आपल्या भागासाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. हा त्रास दवाखान्यात असताना होत नाही. शेवटच्या इंजेक्शनानंतर काही दिवसांनी, बाई घरी परतल्यावर होतो. नागपूरच्या बाईला रिक्षा करून दवाखान्यात जाता येते. भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचाच्या बाईला पावसाळ्यात नाला उतरण्याची वाट पाहावी लागते. म्हणून इंजेक्शने घेतल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस शहराजवळ, नात्यातल्या कोणाकडे राहावे. ते शक्य नसेल तर जवळच्या कोणत्या रुग्णालयात दाखवायचे हे निघण्यापूर्वी लिहून घ्यावे.

जुळी-तिळी : 'एकाच वेळी दोन झाली तर बरेच' असे आपल्याला वाटते. पण जुळ्यांत अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, वाढलेला रक्तदाब, पंडुरोग आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे सारे वाढते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नवजात अतिदक्षता कक्ष लागतो. तो किती दूर आहे याचा विचार आधी करावा.

नलिकेतला गर्भ : टेस्ट ट्यूब पद्धतीतही गर्भ नलिकेत रुजू शकतो. नलिका फुटली तर काही तासांत प्राण जाऊ शकतो.

स्त्रीबीज काढताना : सुईने स्त्रीबीजे काढतात. त्यात रक्तस्राव, संसर्ग किंवा भुलीचा त्रास क्वचित होतो.

या उपचारांनी कर्करोग होतो, अशी भीती पुष्कळांना असते. दीर्घकाळ केलेल्या मोठ्या अभ्यासांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे दिसलेले नाही. न घडणाऱ्या गोष्टीची भीती बाळगू नये आणि घडू शकणाऱ्या गोष्टीकडे डोळेझाक करू नये.

खालीलपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा :
- पोट झपाट्याने फुगणे, एक-दोन दिवसांत वजन वाढणे
- धाप लागणे, छातीत दुखणे
- लघवी फार कमी होणे, सतत उलट्या
- एका पायाला सूज आणि दुखणे
- पोटात एका बाजूला तीव्र कळ, चक्कर, खांद्यात दुखणे, रक्त जाणे
- ताप आणि ओटीपोटात दुखणे

७. तुमचा हक्क

साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ साली संमत झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. पत्नीचे वय २१ ते ५० आणि पतीचे २१ ते ५५ असावे लागते. यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका समजावून सांगणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाही. म्हणून न वाचता सही करू नका. इंग्रजी कागद असेल तर मराठीत समजावून मागा. विचारा : आमच्यात नेमका दोष काय? याहून साधा उपचार आहे का? एकूण खर्च किती? आमच्या वयात यश किती? रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?

या उपचारांत अयशस्वी फेऱ्या यशस्वी फेऱ्यांपेक्षा जास्त असतात. खात्रीने मूल देतो असे सांगणाऱ्यापासून, मग तो पुजारी असो की पाटी लावलेला दवाखाना, दूर राहावे. 'मुलगाच होईल' असे औषध देणे किंवा तशी निवड करणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे.

८. ख्रिस्तसभेची शिकवण

ख्रिस्तसभा वंध्यत्वाचा उपचार नाकारत नाही. १९८७ सालच्या 'दोनुम विताए' आणि २००८ सालच्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजांत तिने आपली भूमिका मांडली आहे. पतिपत्नीच्या मीलनाला साहाय्य करणारे उपचार, म्हणजे संप्रेरकांची औषधे, नलिका मोकळ्या करणे, गर्भाशयाच्या आजाराचे ऑपरेशन, हे योग्य आहेत. मात्र त्या मीलनाची जागा घेणारी टेस्ट ट्यूब पद्धत, परक्याचे बीज वापरणे आणि दुसरीच्या उदरात गर्भ वाढवणे तिला मान्य नाही. कारण मूल हे दान आहे, ते मागून घ्यायची वस्तू नव्हे. शिवाय या पद्धतीत अनेक गर्भ तयार करून उरलेले टाकले जातात किंवा गोठवले जातात, आणि प्रत्येक गर्भ हे मानवी जीवन आहे.

हे आम्ही स्पष्ट सांगतो. त्याचबरोबर हेही सांगतो की कोणत्याही मार्गाने जन्मलेले बाळ देवाला तितकेच प्रिय आहे. त्या बाळावर किंवा त्याच्या आईवडिलांवर कोणी शब्द टाकू नये. ज्यांच्या मनात प्रश्न आहे त्यांनी निर्णय घेण्यापूर्वी धर्मगुरूंशी बोलावे, संकोच करू नये.

पवित्र शास्त्रातील हन्नेची आठवण करू या. तिला मूल नव्हते, म्हणून घरातच पनिन्ना तिला टोचून बोलत असे. मंदिरात ती रडत प्रार्थना करत होती, तर एली याजकाला वाटले की ती दारू प्यायली आहे. घरातल्या माणसाने आणि देवळातल्या माणसाने, दोघांनीही तिला ओळखले नाही. आपल्या धर्मग्रामातील एखादी हन्ना रविवारी मिस्साला आपल्याच बाकावर बसलेली असते. बारशाला तिला बोलवायचे की नाही, तिने बाळाला हात लावायचा की नाही, असले विचार ख्रिस्ती घरात शोभत नाहीत.

काही जोडप्यांना सर्व प्रयत्नांनंतरही मूल होणार नाही. त्यांचा विवाह अपूर्ण ठरत नाही. दत्तकाचा मार्ग त्यांच्यासाठी खुला आहे. पूर्वी ख्रिस्ती जोडप्यांना १८९० च्या कायद्याखाली केवळ पालक होता येत असे. आता बाल न्याय कायद्यानुसार, सध्या २०१५ च्या, कोणत्याही धर्माच्या जोडप्याला पूर्ण अर्थाने दत्तक घेता येते आणि त्या मुलाला पोटच्या मुलाचे सारे हक्क मिळतात. अर्ज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, करायचा असतो. दवाखान्यातून किंवा ओळखीने परस्पर मूल आणणे बेकायदा आहे.

कुटुंब-गटात चर्चेसाठी

१. आपल्या घरात मूल नसलेल्या जोडप्याशी आपण कसे बोलतो? कोणते प्रश्न विचारणे थांबवायला हवे?
२. आपल्या वाडीतील किती तरुण-तरुणींची सिकलसेल तपासणी झाली आहे? राहिलेल्यांना कोण घेऊन जाईल?
३. पत्नी उपचार घेत असताना पतीने कोणत्या तीन गोष्टी कराव्यात?
४. शहरात उपचाराला जाणाऱ्या जोडप्याला राहण्यासाठी, सोबतीसाठी आपला गट काय मदत करू शकेल?

प्रार्थना

हे प्रभू, जीवनाच्या दात्या, बाळाची वाट पाहणाऱ्या प्रत्येक जोडप्याला धीर दे. त्यांना एकमेकांचा हात सोडू देऊ नकोस. उपचार करणाऱ्यांना प्रामाणिक बुद्धी दे, आणि आम्हा शेजाऱ्यांच्या जिभेवर प्रेमाचा लगाम ठेव. आमेन.